मच्छिंद्रीच्या खाली

(स्मृती व्याख्यानमालेत कोल्हापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही माला चालते, ते गणित शिकवायचे. त्यांच्यापुढं कुणी 'फार मोठा', 'खूप जुना', 'लई भारी' असं काही बोललं की ते चष्म्यावरून बघायचे आणि विचारायचे, "म्हणजे किती?" आजचा विषय निवडताना तो प्रश्न माझ्या कानात होता. विषय आहे आपला शिवाजी पूल, पंचगंगेवरचा. त्याच्याविषयी आपण 'ऐतिहासिक' म्हणतो, 'ब्रिटिशकालीन' म्हणतो आणि थांबतो. मी बांधकामाच्या धंद्यात आयुष्य काढलेला माणूस आहे, इतिहासकार नाही. त्यामुळं आज इतिहास लागेल तेवढाच सांगेन आणि दगड, चुना, पाणी यांच्याविषयी जास्त बोलेन. कुणाला कंटाळा आला तर चहाची व्यवस्था मागं आहे.

सुरुवात पावसाळ्यापासून करू. जुलैत चार दिवस धो धो लागला की आपल्या शहराला दोन गोष्टी विचारायची सवय आहे. एक, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले? आणि दुसरी, पाणी कुठवर आलं? आता पाण्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर फुटांत मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. मोबाइलवर दर तासाला आकडा येतो. पण जुनी माणसं आजही फुटांत बोलत नाहीत. ती पुलाकडं बघतात. पुलाच्या खांबावरच्या ठरलेल्या खुणेला पाणी टेकलं की म्हणतात, "मच्छिंद्री झाली." एवढं ऐकलं की नदीकाठचा माणूस सामान माळ्यावर चढवायला लागतो. त्यानंतरची बातमी असते, "रेडेडोह फुटला." म्हणजे पलीकडं आंबेवाडीच्या बाजूला पाणी रस्त्यावर आलं, पन्हाळा-रत्नागिरीची वाट गेली. मग आंबेवाडी आणि चिखलीच्या लोकांना जनावरांसह बाहेर काढायची धावपळ सुरू होते.

म्हणजे हा पूल आमच्यासाठी नुसती पलीकडं जायची वाट नव्हता, तो नदी मोजायचं साधनही होता. आपल्याकडंच असं आहे असं नाही. सांगलीकरांचं सगळं पूरशास्त्र आयर्विन पुलावर उभं आहे. १९२९ साली व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते तो खुला झाला, आणि आज कृष्णेचं पाणी 'आयर्विनला किती' यावर अख्ख्या सांगलीची झोप ठरते. तिथं ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिथं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आपल्याकडं त्याच दिवसांत राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर, आणि २०२१ च्या जुलैमध्ये ५६ फुटांच्या वर. हे आकडे आपण पाठ केलेत. महापुराचा विषय निघाला की रिक्षावाल्यापासून प्राध्यापकापर्यंत प्रत्येकजण ते सांगतो.

आता सरांचा प्रश्न मी तुम्हाला विचारतो. नदी किती, ते आपल्याला माहीत आहे. पूल किती? त्याचा पाया नदीच्या तळाखाली किती खोल गेलाय? गेल्या दोन महापुरांत त्या पायाभोवतीची माती किती गेली? पुलावर डांबराचे थर किती चढलेत? या सभागृहात हात वर करायला सांगितलं तर मला वाटतं एकही हात वर येणार नाही. दीडशे वर्षं आपण पुलावरून नदी वाचत आलो. पूल वाचायचा राहिला. मला आज जे म्हणायचंय ते एवढंच आहे. बाकीचा वेळ मी ते का म्हणतो, हे सांगण्यात घालवणार आहे.

पुलाचं बांधकाम १८७४ ते १८७८ या काळातलं. त्या वेळचं कोल्हापूर डोळ्यांपुढं आणा. १८७० च्या नोव्हेंबरात आपले छत्रपती राजाराम महाराज विलायतेहून परतताना इटलीत फ्लॉरेन्स मुक्कामी वारले. वय अवघं वीस. परक्या मुलखात हिंदू पद्धतीनं अग्निसंस्कार करायची परवानगी मिळवून, आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं. १८७४ मध्ये तिथं छत्री उभी राहिली. तिचा आराखडा चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुतज्ज्ञाचा. तोच मँट आपल्या टाऊन हॉलचा, सीपीआर रुग्णालयाच्या जुन्या इमारतीचा आणि नव्या राजवाड्याचा. गादीवर दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज अजून लहान होते, कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली चालत होता, आणि शहरात जिकडंतिकडं दगड घडवले जात होते. १८७४ च्याच जूनमध्ये कागलच्या घाटगे घराण्यात एक मूल जन्माला आलं, ते पुढं शाहू महाराज झालं. त्यांनी वसवलेल्या शाहूपुरीच्या गूळबाजाराकडं करवीर-पन्हाळ्याच्या बाजूचा गूळ याच पुलावरून आला.

इथं जरा वाट वाकडी करतो. फ्लॉरेन्समध्ये त्या छत्रीजवळ आर्नो नदीवर पुढं एक पूल झाला. त्याचं नाव 'पोंते आल इंदियानो', म्हणजे आपल्या राजाच्या स्मारकाजवळचा पूल. तो पोलादी तारांनी तोललेला, त्याच्या काळातला एक अग्रगण्य पूल मानला जातो. तो बांधला गेला १९७२ ते १९७८ मध्ये. आपला पूल पूर्ण झाला १८७८ ला, त्यांचा बरोब्बर शंभर वर्षांनी. यातून काही सिद्ध होत नाही, मला माहीत आहे. पण कोल्हापूरच्या राजाच्या नावानं इटलीत पूल ओळखला जातो, ही गोष्ट आपल्या शाळेतल्या मुलांना माहीत नसावी याचं मला वाईट वाटतं.

पूल होण्यापूर्वी पंचगंगा ओलांडायची म्हणजे उन्हाळ्यात उतार शोधायचा आणि पावसाळ्यात नावेची वाट बघायची. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या, पाचवी गुप्त सरस्वती, असं मिळून प्रयाग चिखलीजवळ पंचगंगा होते आणि लगेच शहराला येऊन भिडते. म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेला सगळा पाऊस आपल्या दारात एकत्र होऊन येतो. अशा ठिकाणी पूल बांधायचा म्हणजे त्या काळात हिमतीचं काम. आणि तो पूल पन्हाळा, जोतिबा, मलकापूर, आंबा घाट, रत्नागिरी या सगळ्या वाटेचा उंबरठा. कोकणातला तांदूळ, नारळ, सुकी मासळी इकडून आत आली, देशावरचा गूळ तिकडं गेला.

आता बांधकाम. हिंदुस्थानात सिमेंट करायचा पहिला प्रयत्न मद्रासला १९०४ मध्ये झाला, आणि धंदा म्हणून तो जमला १९१४ साली पोरबंदरला. त्यामुळं १८७४ मध्ये आपल्या पुलाला देशी सिमेंट मिळणं शक्यच नव्हतं. तो काळ घडीव काळ्या दगडाचा आणि घाण्यात मळलेल्या चुन्याचा. बैल गोल फिरायचा, दगडी चाक चरात फिरायचं, चुना आणि वाळू दिवसचे दिवस मळली जायची. चुन्यात गूळ घालायची पद्धतही आपल्याकडं जुनी, आणि गुळाच्या गावात ती गोष्ट मोठ्या अभिमानानं सांगतात. पण एक स्पष्ट करतो. पूल गुळानं उभा नाही. चुन्यानंही उभा नाही. तो आकारानं उभा आहे.

दगडाला दाबलं तर तो वाटेल तेवढं सोसतो. ओढलं किंवा वाकवलं की मोडतो. म्हणून दगडाची सरळ तुळई फार लांब टाकता येत नाही. कमान हा त्यावरचा उपाय. लाकडी ढोल्यावर, म्हणजे तात्पुरत्या साच्यावर, दोन्ही बाजूंनी दगड चढवत न्यायचे, माथ्यावरचा शेवटचा दगड ठोकून बसवायचा, आणि ढोला काढून घ्यायचा. त्या क्षणी प्रत्येक दगड शेजारच्याला दाबू लागतो. वरून जेवढा भार टाकाल तेवढे ते एकमेकांना जास्त घट्ट धरतात. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यानं १६७५ मध्ये हे सूत्र मांडलं: साखळी दोन टोकांना धरून सोडली की जो झोल पडतो, तोच उलटा केला की कमान. झोलात सगळी ओढ, कमानीत सगळा दाब. नंतर काँक्रीट आलं तेव्हा युरोप-अमेरिकेतल्या अभियंत्यांनी सुरुवातीला त्याच्याही कमानीच केल्या, कारण काँक्रीटचा स्वभाव दगडासारखाच, दाब सोसणारा. स्वित्झर्लंडमध्ये रोबेर मायार यानं १९३० मध्ये साल्गिनाटोबेलच्या दरीवर टाकलेली काँक्रीटची कमान आजही वास्तुविद्येचे विद्यार्थी तीर्थयात्रेला गेल्यासारखे जाऊन बघतात. काँक्रीटमध्ये लोखंडी सळई आली, मग ताण दिलेल्या तारा आल्या, आणि सरळ पूल स्वस्त पडायला लागले. कमान मागं पडली ती कमजोर होती म्हणून नव्हे, तिला मजुरी आणि कारागीर जास्त लागतात म्हणून.

तर दगडी कमान वरच्या भारानं सहसा पडत नाही. मग जुने पूल पडतात कसे? खालून. पुराचं पाणी खांबाला आपटतं, दोन्ही बाजूंनी वळसे घेतं आणि खांबाच्या बुडाशी भोवरा करून तळ खरवडतं. पूर जोरात असताना खड्डा पडतो, पूर ओसरताना त्यात गाळ भरून येतो. उन्हाळ्यात कुणी बघायला गेलं तर सगळं सपाट आणि शाबूत दिसतं. गाळाला पायाचा आधार समजून आपण समाधानानं परत येतो. पुढच्या पुरात तो गाळ पहिल्या तासात वाहून जातो. शिवाय नदीतून वाळू उपसली की तळच खाली जातो आणि एकेकाळी खोल असलेला पाया उथळ होतो. कमानीच्या पुलात एक खांब थोडा जरी खचला तरी दोन्ही बाजूंच्या कमानींचा दाब ढळतो. मग इशारा द्यायला वेळ मिळत नाही.

इथं महाडचं नाव काढावंच लागेल. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीवरचा १९२८ सालचा दगडी कमानीचा पूल पुरात गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी गाड्या आणि इतर वाहनं अंधारात नदीत गेली. त्या प्रकरणाची चौकशी झाली आहे, मी इथं न्यायाधीश होणार नाही. मला फक्त दोन तारखा शेजारीशेजारी ठेवायच्या आहेत. महाडला नवा पूल १६५ दिवसांत बांधला आणि ५ जून २०१७ ला तो सुरू झाला. म्हणजे आपल्या राज्याला वेगानं पूल बांधता येतो, हे सिद्ध आहे. त्याच सुमारास कोल्हापुरात शिवाजी पुलाशेजारचा पर्यायी पूल अर्धवट उभा होता. नदीतले खांब झाले होते, बरंचसं काम झालं होतं, शहराच्या बाजूचा तुकडा राहिला होता.

का राहिला होता, ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. पुलाच्या शहराकडच्या टोकाला ब्रह्मपुरीची टेकडी आहे. तिथं १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केलं. सातवाहनांच्या काळातलं कोल्हापूर तिथं सापडलं. त्या टेकडीतच ग्रीक समुद्रदेव पोसायडनची लहानशी कांस्यमूर्ती मिळाली. आपल्या टाऊन हॉलमधल्या संग्रहालयाची ती शान आहे. दोन हजार वर्षांपूर्वी या नदीकाठचा माणूस भूमध्य समुद्राशी व्यापार करत होता, याचा तो पुरावा. त्यामुळं टेकडी संरक्षित आहे, आणि असायलाच हवी. प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनं संरक्षित जागेपासून १०० मीटरच्या आत नव्या बांधकामाला बंदी आली. नवा पूल त्या १०० मीटरमध्ये सापडला.

या वादात कोल्हापुरात दोन तट पडले. एक म्हणे, मेलेल्या शहराच्या मातीसाठी जिवंत माणसांचा पूल अडवता काय? दुसरा म्हणे, एकदा सूट दिली की देशभर स्मारकांच्या दारात उड्डाणपूल उभे राहतील. मला दोन्ही बाजू कळतात. मी बांधकामवाला असूनही सांगतो, दुसऱ्या बाजूची भीती खोटी नव्हती. पण या सगळ्या भांडणात एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. सगळे टेकडीविषयी बोलत होते, नव्या पुलाविषयी बोलत होते. ज्याच्यावरून रोज सगळी वाहतूक चालली होती, त्या जुन्या पुलाविषयी बोलायचं झालं तर एवढंच, की 'तो आता थकलाय'. टेकडीला कायदा होता, नव्या पुलाला कृती समिती होती. जुन्या पुलाला फक्त त्याचा दगड होता.

केंद्र सरकारच्या सार्वजनिक कामांना त्या बंदीतून वाट मिळावी म्हणून दुरुस्ती विधेयक आलं. २ जानेवारी २०१८ ला लोकसभेनं ते मंजूर केलं. पुढं राज्यसभेत ते प्रवर समितीकडं गेलं. आणि मधल्या काळात, २६ जानेवारी २०१८ च्या रात्री, गणपतीपुळ्याहून परतणारी पुण्याकडच्या कुटुंबांची मिनीबस या पुलाचा कठडा तोडून पंचगंगेत कोसळली. १३ माणसं गेली. त्यात लहान मुलं होती. त्या रात्री नदीकाठच्या तरुण पोरांनी अंधारात पाण्यात उड्या घेतल्या, हे या शहरानं विसरू नये.

त्या अपघाताविषयी बोलताना बहुतेकांनी पूल जुना झाला म्हणून दोष दिला. मी अभियंता म्हणून सांगतो, कमान त्या रात्री जागची हलली नव्हती. तुटला तो कठडा. तो बैलगाड्यांसाठी आणि घोड्यांसाठी बांधलेला. ताशी साठच्या वेगानं येणारी बस अडवायची कल्पना १८७४ च्या माणसाला असणं शक्य नव्हतं. आणि अशा जुन्या पुलांवर आपण आणखी एक गोष्ट करतो, ती कुणी मनावर घेत नाही. दर काही वर्षांनी रस्ता खराब झाला की जुना थर न खरवडता वर नवं डांबर ओततो. पुलावर भार वाढतो, ते एक. पण त्याहून वाईट म्हणजे रस्ता वर येतो आणि कठडा तेवढाच राहतो. म्हणजे कागदावर अडीच-तीन फुटांचा असलेला कठडा प्रत्यक्षात कमरेवरून गुडघ्यावर येतो. यासाठी मोठं शास्त्र लागत नाही. टेप लागतो.

पुढं आंदोलनं झाली, वाटा काढल्या गेल्या आणि शेजारचा काँक्रीटचा पूल अखेर पूर्ण होऊन सुरू झाला. चांगलं झालं. मी त्याच्यावरून जाताना मोकळा श्वास घेतो. पण आता एक नवीन धोका तयार झालाय, आणि तो आपल्या मनात आहे. नवा आहे म्हणजे बघायला नको, जुना आहे म्हणजे वापरायला नको. दोन्ही चूक.

काँक्रीटच्या पोटात लोखंड असतं. भेगेतून पाणी आणि हवा आत गेली की सळई गंजते. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, तो आतून ढकलतो आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. दगडी कमानीत गंजायला काही नसतं, म्हणून ती शतकं काढते. काँक्रीटला चांगली निगा मिळाली तर तेही दीर्घकाळ चालतं, पण निगा नसेल तर चाळीस वर्षंही पुरत नाहीत. गुजरातमध्ये मही नदीवरचा गंभीरा पूल १९८५ सालचा. ९ जुलै २०२५ ला सकाळी तो वाहनांसकट तुटला. आपल्या पुलाच्या नातवाच्या वयाचा पूल होता तो.

दगडी पुलाचे शत्रू वेगळे. पहिला, मघाशी सांगितलेला पायाखालचा भोवरा. दुसरा, पिंपळ. सांध्यात एखादं बी पडतं, पहिल्या वर्षी पोपटी पानं दिसतात आणि कुणाला तरी ती छान वाटतात. मुळी आत जाते, जाडी होते आणि दगड सरकवते. साफसफाईत आपण वरून कोयत्यानं छाटतो. मुळी तशीच, पुढच्या पावसाळ्यात दुप्पट जोमानं फुटते. मुळापर्यंत जाऊन ती मारायला हवी. तिसरा शत्रू म्हणजे आपली दुरुस्ती. जुना चुना मऊ असतो, थोडी हालचाल सोसतो, ओल आत आली तरी बाहेर जाऊ देतो. त्याच्या सांध्यात आपण कडक सिमेंट भरतो. काम झकास दिसतं. पण पाणी आत कोंडतं, आतला चुना धुपत जातो आणि सिमेंटच्या टोपीखाली सांधा पोकळ होतो. अशी 'दुरुस्त' केलेली बांधकामं मी हातानं ठोकून बघितली आहेत, आवाज भांड्यासारखा येतो. चौथा शत्रू अगदी किरकोळ वाटेल: पुलावरचं पाणी बाहेर जायची भोकं. ती डांबरानं आणि कचऱ्यानं बुजतात. मग पाऊस कमानीवरच्या भरावात मुरतो, भराव फुगतो आणि बाजूच्या भिंती बाहेर ढकलतो. एक मजूर, एक पहार, अर्धा दिवस. एवढंच काम आहे ते.

हे सगळं बघायचं कुणी? नियमाप्रमाणं पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर पुलांची पाहणी होते. होते, असं कागद सांगतो. माझ्या नोकरीच्या काळात मी असेही पाहणी अहवाल बघितले आहेत, ज्यात मागच्या वर्षीची तारीख तेवढी बदललेली होती. नाव कुणाचं घेत नाही. रेल्वेचं मला कौतुक वाटतं. कोल्हापूर-मिरज मार्गावरच्या गाडीत बसून खिडकीतून बघा, लहानशा मोरीवरसुद्धा नंबर रंगवलेला दिसेल. त्या नंबरची वही असते, पाहणीची तारीख असते, सही करणारा माणूस असतो. रस्त्यांवरच्या पुलांसाठी केंद्रानं २०१६ मध्ये देशभर पुलांची नोंद करणारी यंत्रणा सुरू केली, ती स्वागतार्हच. पण वही आणि सही ही गोष्ट अजून रस्त्यांच्या पुलांच्या अंगवळणी पडलेली नाही. पूल पडला की चौकशी आयोग मिळतो. पूल उभा असेपर्यंत त्याला एक कायमचा निरीक्षक मिळत नाही.

आता शेवटचा भाग, जुन्या पुलाचं करायचं काय. जड वाहतुकीसाठी शेजारी नवा पूल असताना जुन्याविषयी आपल्याकडं दोन प्रकारच्या कल्पना निघतात. एक, पाडून टाका, उगाच पुरात अडथळा. दुसरी, सेल्फी पॉइंट करा, दिवे लावा, खाऊगल्ली करा. पहिलीविषयी सांगतो: २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत हा पूल उभा राहिला. त्याला पाडण्यापूर्वी नदीपात्रात नंतर भरलेले भराव आणि पूररेषेत चढलेली घरं आधी मोजू, मग अडथळ्याची भाषा करू. दुसरी कल्पना मला जास्त घाबरवते. मावळात इंद्रायणीवर कुंडमळ्याला १५ जून २०२५ ला लोखंडी पूल कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. तिथून एसटी गाड्या जात नव्हत्या. रविवारची गर्दी होती, वर्षासहलीला आलेली माणसं होती, आणि पूल धोकादायक असल्याची चर्चा आधीच झालेली होती. म्हणजे वाहनं थांबवली की पूल सुरक्षित झाला, असं नाही. माणसांची गर्दीही भारच असते, आणि जी गोष्ट 'आता नुसती बघायला ठेवली' म्हणतो, तिच्याकडं बघणं आपण आधी सोडतो.

मी तिसरी गोष्ट सुचवतो, आणि ती सुचवायलाच आज उभा आहे. या पुलाचं पूर्ण मोजमाप व्हावं. लांबी-रुंदीचं नव्हे, ते होईल कधीही. प्रत्येक कमानीचा आकार, प्रत्येक खांबाची उभी रेषा, प्रत्येक सांधा, कठड्याची प्रत्यक्ष उंची, आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाण्याखालचा पाया. पाणबुडे उतरवून, तळाचं चित्र काढून. हे एकदा केलं की पुढच्या प्रत्येक पुरानंतर तेच मोजमाप पुन्हा घ्यायचं आणि आधीच्याशी ताडून बघायचं. फरक पडला तर कळेल. आज फरक पडलाय की नाही हे ठरवायला आपल्याकडं पहिला आकडाच समोर ठेवलेला नाही. या शहरात विद्यापीठ आहे, अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, दर वर्षी शेकडो मुलं प्रकल्पासाठी विषय शोधत फिरतात आणि शेवटी कुणाचा तरी जुना प्रकल्प नव्या मुखपृष्ठात घालून देतात. त्यांच्या प्राध्यापकांपैकी काहीजण इथं पुढच्या रांगेत बसलेत, म्हणून मुद्दाम जरा मोठ्यानं बोलतोय.

मोजमापाची एक प्रत टाऊन हॉलच्या संग्रहालयात असावी. पोसायडनच्या शेजारी ठेवा, तो समुद्राचा देव आहे, त्याला नदीची अडचण होणार नाही. दुसरी प्रत लोकांना बघता येईल अशी खुली असावी. आणि पुलाच्या टोकाला एक साधी पाटी असावी, तिच्यावर बांधकामाचं वर्ष, शेवटच्या पाहणीची तारीख आणि पाहणी करणाऱ्याचा हुद्दा. उद्घाटन करणाऱ्यांच्या नावांची संगमरवरी पाटी नको, तशा आपल्याकडं भरपूर आहेत.

टोलविरोधी आंदोलनात या शहरानं काय केलं, पुलाच्या प्रश्नावर रस्त्यावर किती माणसं उतरली, हे मी बघितलंय. कोल्हापूरकर एकदा हट्टाला पेटला की ऐकत नाही. तो हट्ट यावेळी नवं काही बांधण्यासाठी नको, असलेलं तपासण्यासाठी हवा. येत्या एप्रिल-मेमध्ये पंचगंगेचं पाणी सगळ्यात खाली असेल. मोजमाप करायला तेवढेच दोन महिने मिळतात, जूनमध्ये पाऊस सुरू झाला की पुढचं वर्ष. ज्यांना या कामात यायचंय, मग ते प्राध्यापक असोत, गवंडी असोत, पोहणारी पोरं असोत किंवा नुसता टेप धरणारे असोत, त्यांनी व्याख्यान संपल्यावर संयोजकांकडं नाव द्यावं. वही बाहेर टेबलावर ठेवली आहे.